कारभाऱ्यांची गुळणी

शिलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत ती सासऱ्यांशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. तांड्याची रीतच तशी होती. सुनेने सासऱ्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, आणि बोलायची वेळ आली तर मधे तिसरं कुणीतरी घ्यायचं. शिलाच्या घरी हे काम म्हशीकडे होतं.

म्हशीचं नाव भुरी. ओसरीच्या एका टोकाला बाजेवर सासरे, दुसऱ्या टोकाला चुलीपाशी शिला, आणि समोर अंगणात भुरी. शिला म्हणायची, "भुरे, चहा झाला म्हण." तिकडून उत्तर यायचं, "भुरे, कालच्यावानी गोड करू नको म्हणावं." भुरी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. म्हैस कसली, त्या घरचा टेलिफोनच होता तो. आणि हे सगळं बोलणं व्हायचं गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत; आपण ते मराठीत ऐकतोय, इतकंच.

सासरे रतनसिंग आडे म्हणजे शिरड शहापूरहून वसमतकडे जाताना डाव्या हाताला लागणाऱ्या तांड्याचे कारभारी. दोन भाऊ बांधावरून हातघाईवर आले की माणसं त्यांना बोलवायला यायची. आवाज असा की त्यांनी नुसतं "बसा" म्हटलं तरी उभं असलेलं माणूस बसायचं. पण हाच माणूस घरात मात्र कमी बोलणारा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शिलाला शिवणकाम शिकायचं होतं. ती कुणाला बोलली नव्हती, एकदा भुरीचं दूध काढता काढता आपल्याशीच पुटपुटली होती. आठ दिवसांनी वसमतच्या बाजारातून शिलाई मशीन येऊन ओसरीत उभं राहिलं. सासरे भुरीला म्हणाले, "हे लोढणं कुनी आनलं कोन जाने. आता आनलंच हाय तर कुनीतरी चालवा म्हणावं." शिलाचा बाप ती चार वर्षांची असताना गेला होता. बाप कसा असतो हे तिला त्या दिवशी कळलं, तेही म्हशीच्या तोंडून.

अशा माणसाच्या गालाला आतून गाठ निघाली. चाळीस वर्षं त्याच गालात तंबाखू धरली होती, तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना. नांदेडला ऑपरेशन झालं, गाठ काढली, तंबाखूची डबी त्यांनी स्वतः नाल्यात फेकली. कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून पुढे किरणांचे शेक घ्यायचे होते. तीस शेक, शनिवार-रविवार सोडून रोज एक.

शेक सुरू व्हायच्या आधी तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, ऐश्वर्या खिल्लारे त्यांचं नाव, घरच्यांना समोर बसवलं होतं. दोन किडके दात त्यांनी आधीच काढून टाकले होते. शिला पदर ओढून नवऱ्याच्या, विकासच्या, मागे बसली होती.

"शेकाने तोंड आतून सोलवटतं," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाणं नको होतं, पाणी नको होतं. मग पेशंट म्हणतो, बास, येत नाही. आणि शेक मधेच थांबला की आजाराला सवड मिळते, केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. म्हणून तोंड सांभाळायचं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. दर दोन तासांनी गुळणी. ब्रश अगदी मऊ. तिखट बंद. आणि रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी बॅटरी लावून तोंडात बघायचं. लाल आहे, पांढरं आहे, रक्त आहे, काय ते मला कळवायचं. कोण बघणार?"

"मी हाय ना," विकास म्हणाला.

पहिले दोन आठवडे त्याने बघितलंही. मग साखर कारखान्याचा गाळप हंगाम पेटला आणि उसाच्या ट्रकवर असलेला विकास चार-चार दिवस घरी दिसेना. बापूंना, म्हणजे सासऱ्यांना, नांदेडला न्यायला शेजारचा दिपक होता. तो दुधाचा टेम्पो घेऊन रोज पहाटेच तिथे जायचा आणि दहाच्या सुमाराला परतायचा; येता-जाता हाताला धरून न्यायचा-आणायचा. तोंडात बघायचं काम आलं भिकाबाईकडे. भिकाबाई म्हणजे बापूंची थोरली बहीण, शेजारच्याच घरात राहणारी, तांड्याच्या चालीरीतींची जागती राखणदार. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने बॅटरी मारली, बराच वेळ आत बघितलं आणि निकाल दिला, "पांढरं हाय सगळं. पन मला तर आभाळ बी पांढरंच दिसतं."

राहिली शिला. आणि शिलाने बघायचं म्हणजे सुनेने सासऱ्यासमोर पदर वर करायचा. तो विषयच कुणी काढला नाही. बघणं राहिलं. गुळणीचं पाणी मात्र पहिल्या दिवसापासून शिलाच देत होती; निदान ते तरी चुकवायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

आपल्या पोरींच्या अभ्यासापेक्षा जास्त शिस्तीने तिने ते चालवलं. मोबाईलला गजर लावला. दर दोन तासांनी तांब्या भरून बाजेजवळच्या खांबापाशी ठेवायची, "भुरे, पानी ठेवलं म्हण," म्हणायची, आणि पाठ करून तिथेच उभी राहायची. म्हाताऱ्या माणसाला घेरी आली, ठसका लागला तर? तांब्या रिकामा झाला की उचलायची. रोज सात-आठ तांबे रिकामे व्हायचे. डॉक्टरांनी दर बुधवारी विचारलं की बापू सांगायचे, "करून राहिलो की. बराबर करून राहिलो." डॉक्टर तोंड बघायच्या, भुवया चढवायच्या आणि म्हणायच्या, "मग इतकं लाल कसं?"

तोंड लाल होऊन चिघळायला लागलं. बापूंनी आधी भाकरी सोडली, मग भात, मग आंबील. अठरावा शेक शुक्रवारी झाला. शनिवारी त्यांनी दिवसभरात अर्धी वाटी दूध घेतलं. रविवारी तेही परत केलं. दुपारी चारच्या सुमाराला ते भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले होते, आणि तसंच, न वळता, बोलले. तो दरारा असलेला आवाज पार बसला होता. "भुरे, उद्यापासून नांदेडला जायचं न्हाई म्हण. झालं तेवढं लई झालं."

शिलाने बोटांवर मोजलं. अजून बारा शेक बाकी होते. तिने विकासला फोन लावला, तो लागेना. ती अंगणात आली, काय करावं सुचेना म्हणून उगाच बादली उचलली, ठेवली. आणि तेव्हा तिला बाजेमागचा कढीपत्ता दिसला.

दिवाळीला कमरेएवढं हिरवंगार असलेलं झाड. आता एकही हिरवं पान नव्हतं. कडा करपलेली, तपकिरी, गळून पडलेली पानं. मातीवर पांढरी पापडी धरली होती. शिलाने बोटाने ती उचलली, जिभेला लावली. खारट.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. सात-आठ तांबे रोज, तीन आठवडे. सगळे तांबे या झाडाने प्यायले होते. आधी तिला राग आला, असा राग की हातातली पापडी मुठीत चुरली. मग तिची नजर खांबाकडे गेली, जिथे ती रोज पाठ करून उभी राहत होती, आणि राग जागच्या जागी विरून गेला. कारभारी माणूस. उभ्या तांड्याला गप्प करणारा. तो सुनेच्या देखत खुळखुळ आवाज करत गुळणी करील? सुनेच्या मागे चार हातांवर पचापचा थुंकेल? मेला तरी करणार नाही. आणि खरंच, तो मरायलाच निघाला होता. काळजीपोटी तिथे उभं राहूनच तिने त्यांचं तोंड बांधून ठेवलं होतं.

तिने फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला. शिलाने सगळं सांगितलं, झाडाचंही.

डॉक्टर म्हणाल्या, "हरकत नाही. गुळण्या आजपासून होतील. पण आत्ता तोंडात काय आहे ते मला कळायला हवं. पांढरे ठिपके असतील आणि ओल्या कापडाने पुसून निघत असतील तर ती बुरशी आहे. औषध आहे त्यावर, आज सुरू केलं तर दोन-तीन दिवसांत माणूस खायला लागतो. रक्त येत असेल तर गोष्ट वेगळी, मग आत्ताच्या आत्ता घेऊन निघा. बॅटरी घ्या आणि बघा."

"मॅडम, ते माजे सासरे हायेत."

"माहिती आहे मला. आमच्याकडेही आजीचा पदर तिच्या सासऱ्यांसमोर कधी डोक्यावरून ढळला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मी जबरदस्ती करणार नाही. पण मी इथून बघू शकत नाही, शिलाताई."

फोन ठेवून शिला ओसरीवर आली. पदर हनुवटीपर्यंत होता. बॅटरी हातात होती. तिने बॅटरी लावून पाहिली. उजेड पदरावरच पसरला आणि पलीकडचं काही दिसेना. ती भुरीकडे वळली. 

"भुरे, कढीपत्ता वाळला म्हण. काहून वाळला ते बी मला कळलं म्हण. चूक माजीच हाय, मी तिथं उभी राहत होते. आता मी घरात जाईन, थाळी वाजवीन, थाळी वाजली की अंगनात कुनी न्हाई असं समजा म्हण. पन आज तोंडात बघावं लागतंय. डॉक्टरीन बाई थांबून राहिल्यात. भुरे, त्यांना सांग, मला एकदा बाप मेलेला म्हाईत हाय. दुसऱ्यांदा न्हाई पायजे."

भुरीने कान हलवला.  कोंबडी ओसरीवर चढली, इकडे तिकडे बघून उतरून गेली. मग बाज करकरली. रतनसिंग हळूहळू उठून बसले. भिंतीकडची मान वळवून समोर, अंगणाकडे केली.

"भुरे," ते म्हणाले, "मी डोळे मिटतो म्हण."

आणि त्यांनी डोळे मिटले. घट्ट, लहान लेकराला औषध पाजताना ते मिटतं तसे. मग तोंड उघडलं.

शिलाने पदर मागे टाकला. नऊ वर्षांत तिने या माणसाचे पाय पाहिले होते, पाठ पाहिली होती, चेहरा पाहिला तो कापडाच्या जाळीतून, अंदाजाने. आज पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. गाल बसलेले, पांढऱ्या दाढीचे खुंट, शेकाने काळवंडलेली मान. तिला रडू आलं, पण रडायला सवड नव्हती. तिने बॅटरी आत धरली. जीभ लालभडक, आणि जिभेवर, टाळूवर, गालाच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके. ओल्या स्वच्छ कापडाने तिने एक ठिपका हलकेच टिपला. निघाला. खाली लाल. रक्त नाही.

"निघालं!" ती जोरात म्हणाली, आणि हे भुरीला म्हणाली की कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी फोनवर औषधाची चिठ्ठी पाठवली, वसमतच्या मेडिकलमधून दिपकने मोटारसायकलवर औषध आणलं. तोंडात घोळवून गिळायचं औषध, आणि जेवणाआधी लावायचं बधिर करणारं मलम. रात्रीचं जेवण व्हायच्या आत शिलाने घरात जाऊन पहिली थाळी वाजवली.  मग खुळखुळ, खुळखुळ, आणि पच्च. शिला दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि एवढा गोड आवाज आपण जन्मात ऐकला नाही असं तिला वाटलं.

सोमवारी रतनसिंग एकोणिसाव्या शेकाला गेले.

त्यानंतर रोजचा क्रम बसला. दोन तासांनी थाळी, थाळीनंतर गुळणी. हळूहळू गुळणीला जोर आला. चार घरं सोडून ऐकू जायला लागली. "कारभाऱ्यांची गुळणी झाली, चला, अकरा वाजले," अशी तांड्यात वेळ सांगायला लागले. पाणी आता एका डबड्यात थुंकायचं आणि मोरीत ओतायचं. कढीपत्त्याचा पिच्छा सुटला, पण ते झाड काही वाचलं नाही. आणि संध्याकाळी ऊन उतरलं की सासऱ्यांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, सुनेच्या हातात बॅटरी.

मंगळवारी भिकाबाई अवचित आली. दिसत नव्हतं तरी उघड्या डोक्याची सून ओळखण्याइतकं तिला दिसत होतं.

"अगं बया! पदर! भावासमोर माज्या उघड्या डोक्यानं उभी?"

"त्यांचे डोळे मिटलेले हायेत, आत्या," शिला म्हणाली. तिने पदर ओढला नाही. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात ओलं कापड होतं.

भिकाबाईचा विश्वास बसला नाही. ती काठी टेकत पुढे आली, हात लांब करून भावाचा चेहरा चाचपला आणि अंगठ्याने एकेक पापणी दाबून पाहिली. बापूंनी तोंड उघडंच ठेवून "आं" केलं.

"बराबर मिटलेत," ती म्हणाली, जरा निराश होऊन. मग बाजेच्या पायथ्याशी बसली. "पन मी रोज येनार. रतन लहानपनी लपंडावात बी बोटांच्या फटीतून बघायचा."

आणि ती रोज आली. आधी पापण्या तपासायची, मग म्हणायची, "हं, बघ आता." शिला बघायची आणि भुरीला सांगायची. आज उजवा गाल बरा. आज जिभेवर दोनच ठिपके. आज ओठाच्या कोपऱ्याला चीर, तूप लावू नका म्हणावं, डॉक्टरांनी दिलेलंच लावा. भिकाबाईही तेच ऐकून तांड्यात सांगत फिरायची, जसं काही तिनेच पाहिलं. ती अशा ठसक्यात सांगायची की तांड्यातल्या सोनाजीची आई एक दिवस आपली दाढ दाखवायला शिलाकडे आली.

सोपं नव्हतं. चोविसाव्या शेकानंतर बापू दोन दिवस नुसत्या गार आंबिलीवर होते, तीही गाळून. एकदा त्यांनी वाटी भिरकावली. शिलाने ती उचलली, धुतली आणि पुन्हा भरून खांबापाशी ठेवली. "भुरे, वाटीला पोचा पडला, पन आंबील तशीच हाय म्हण." थोड्या वेळाने वाटी रिकामी होती. आणि या वेळी झाडाला नाही, पोटात गेली होती. शिलाने दाराच्या फटीतून बघून घेतलं. लपंडाव काही एकट्या रतनसिंगांनाच येत नव्हता.

तिसावा शेक झाला. एकही चुकला नाही. विकास त्या दिवशी ट्रक सोडून बापाबरोबर गेला होता. पण डॉक्टर म्हणाल्या, शेक संपला तरी तोंड आणखी काही आठवडे सांभाळायचं, गुळणी सुरूच ठेवायची, बघणं सुरूच ठेवायचं. म्हणून थाळी वाजत राहिली.

शेतातली हळद काढायला आली तेव्हाची एक संध्याकाळ. भिकाबाईने पापण्या तपासल्या, "हं" म्हणाली. शिलाने बॅटरी धरली. जीभ पाहिली, टाळू पाहिला, ऑपरेशनचा गाल पाहिला, जिभेखाली पाहिलं. मग पुन्हा सगळं पाहिलं, कारण पहिल्यांदा खरं वाटेना.

"भुरे," ती म्हणाली, "सगळं गुलाबी हाय म्हण. एक बी डाग न्हाई. कुठंच न्हाई."

रतनसिंगांनी तोंड मिटलं. ओठांवरून जीभ फिरवली.

"शिला," ते म्हणाले.

भुरीने मान वळवली नाही. तिला कुणी हाकच मारली नव्हती. शिलाच्या हातातली बॅटरी तशीच लागलेली राहिली. नऊ वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, जरा खरखरीत होता. पण त्यांचाच होता.

"आज भाकर खाईन. तिखट नगं, पन भाकर."

काहीतरी वेगळं घडतंय हे भिकाबाईला कळलं. तिने सवयीने हात लांब केला, अंगठा भावाच्या पापणीवर ठेवायला गेली आणि थबकली.

"रतन, तुजे डोळे उघडे हायेत."

"व्हय, आक्का."

"कधीपासून?"

"आत्ताच. डोळे मिटून मिटून जीव उबगला. नऊ वर्षं मिटलेच हुते की."

शिलाचा हात पदराकडे गेला. तिला भिकाबाईची भीती होती, तांड्याची होती, आणि सगळ्यात जास्त त्या समोरच्या, सरळ आपल्याकडे बघणाऱ्या ओल्या डोळ्यांची होती.  भिकाबाई काठी टेकून उठली आणि अंगणाकडे तोंड करून बसली.

"मला काय," ती म्हणाली. "मला तर दिसतच न्हाई."

शिलाने पदर तिथेच सोडून दिला, खांद्यावर. बॅटरी बंद केली.

"दुधात कुस्करू का वरनात, बापू?" तिने विचारलं.